भुवईवरचा रक्ताचा ठिपका : ब्युटी पार्लरचे काम शिकणाऱ्यांसाठी त्वचेची आणि स्वच्छतेची ओळख

थ्रेडिंग झाल्यावर भुवईखाली कधीकधी टाचणीच्या टोकाएवढा रक्ताचा ठिपका उमटतो. ग्राहक आरशात पाहून फारसे काही बोलत नाही, शिकाऊ मुलगी कापसाने तो टिपून घेते आणि काम पुढे चालू राहते. वास्तविक त्या ठिपक्यातच त्वचाशास्त्राचा पहिला धडा आहे. त्वचेच्या सर्वांत वरच्या थरात रक्तवाहिन्या नसतात. त्यामुळे रक्त दिसले, याचा अर्थ तो थर कुठेतरी ओलांडला गेला आणि शरीराच्या आत जाण्याची एक वाट उघडी पडली, इतका सरळ आहे. पार्लरमधील कामे या वरच्या थरापुरती असावीत आणि त्याच्या खालचे डॉक्टरांवर सोडावे, असा या व्यवसायाचा मूळ दंडक आहे. ही हद्द कुठे आहे, ती कोणकोणत्या कामांत तुटते आणि तुटल्यावर आत काय शिरू शकते, हे एकदा नीट कळले की स्वच्छतेचे नियम घोकावे लागत नाहीत, ते कामाच्या ओघात आपसूक सुचू लागतात.

वरचा थर आणि त्याची जाडी

त्वचेचे ढोबळमानाने तीन थर मानले जातात : वर बाह्यत्वचा, तिच्याखाली अंतस्त्वचा आणि सर्वांत खाली चरबीचा थर. प्रौढ माणसाच्या सगळ्या त्वचेचे क्षेत्रफळ दीड ते दोन चौरस मीटर भरते, पण ज्या बाह्यत्वचेवर आपला सारा व्यवसाय चालतो ती पापणीवर अवघी ०.०५ मिलिमीटर जाड असते आणि तळहात-तळपायांवर सुमारे १.५ मिलिमीटर. एकाच शरीरावर तीस पटींचा हा फरक लक्षात घेतला, तर पेडिक्युअरमध्ये टाचेला चालणारी घासणी चेहऱ्याजवळही का नेऊ नये आणि चेहऱ्याचा स्क्रब डोळ्यांभोवती का लावू नये, हे वेगळे सांगावे लागत नाही.

बाह्यत्वचेच्या तळाशी नव्या पेशी सतत तयार होत असतात. वर सरकता सरकता त्यांच्यात केराटिन नावाचे चिवट प्रथिन भरत जाते, त्यांचे केंद्रक नाहीसे होते आणि पृष्ठभागावर येईपर्यंत त्या चपट्या व मृत झालेल्या असतात. तरुण वयात या प्रवासाला साधारण चार आठवडे लागतात, वय वाढेल तसा तो मंदावतो. या मृत पेशी कौलारू छपरावरच्या कौलांप्रमाणे एकमेकींवर अर्धवट चढलेल्या असतात आणि त्यांच्यामधल्या फटी स्निग्ध पदार्थांनी भरलेल्या असतात. बाहेरचे पाणी व जंतू आत येऊ न देणे आणि आतले पाणी बाहेर उडून जाऊ न देणे, ही दोन्ही कामे या छपराची आहेत. पार्लरमध्ये ‘डेड स्किन’ हा शब्द केरकचऱ्यासारखा वापरला जातो, आणि माझ्या मते या एका शब्दाने जितके नुकसान केले आहे तितके स्वस्त क्रीमनेही केले नसेल. “ताई, जरा जोरात घासा, मळ निघाला पाहिजे,” असे ग्राहक म्हणते, आपणही चार हात जास्त मारतो आणि जे सुटे झाले होते त्याबरोबर जे घट्ट बसलेले होते तेही काढून टाकतो. मग त्वचा लाल होते, चुरचुरते, दुसऱ्या दिवशी कोरडी पडते. त्या लालीला ‘ग्लो’ म्हणण्याची पद्धत आहे खरी, परंतु बहुतेक वेळा ती सौम्य दाहाची खूण असते.

घाम, तैलग्रंथींतून येणारे सीबम नावाचे तेल आणि त्वचेवरच्या निरुपद्रवी जंतूंची कामगिरी यांमुळे त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी राहतो. त्याचा पीएच (आम्लता मोजण्याचे माप, आकडा जितका कमी तितकी आम्लता जास्त) सामान्यतः ४.५ ते ५.५ च्या दरम्यान असतो, तर अंगाच्या साध्या साबणाचा ९ ते १०. ही आम्लता अनेक अपायकारक जंतूंना मानवत नाही, म्हणून तीही संरक्षणाचाच भाग आहे. साबणाने चेहरा धुतल्यावर ती पूर्ववत व्हायला काही तास लागू शकतात. क्लीनअपच्या आधी ग्राहकाला साबणाने तोंड धुवायला लावायचे, मग स्क्रब, मग वाफ आणि वर ब्लीच, असा क्रम जिथे रूढ आहे तिथे छप्पर उतरवण्याचे काम एका तासात चार वेळा होते.

अंतस्त्वचा, केस आणि रंध्रे

अंतस्त्वचेत रक्तवाहिन्या, मज्जातंतू, घर्मग्रंथी, तैलग्रंथी आणि त्वचेला ताण व लवचीकपणा देणारे कोलॅजन व इलॅस्टिन हे तंतू असतात. केसाचे मूळ या थरात, काही ठिकाणी त्याच्याही खाली, रुतलेले असते आणि त्याच्या तळाशी बारीक रक्तवाहिन्या असतात. वाढीच्या अवस्थेतला केस मुळापासून उपटला की या वाहिन्या दुखावतात. सुरुवातीला सांगितलेला ठिपका इथून येतो. दाढी किंवा हेअर रिमूव्हर क्रीम केस पृष्ठभागाजवळ तोडते, तर थ्रेडिंग आणि वॅक्सिंग त्याला मुळासकट काढतात. त्यामुळे ही दोन कामे कितीही हलक्या हाताने केली, तरी काही काळ मोकळ्या केशकूपांची, म्हणजे केस ज्या बारीक खळग्यांतून उगवतात त्यांची, शेकडो तोंडे मागे ठेवतात. म्हणून वॅक्सिंगनंतर त्याच दिवशी सुगंधी लोशन, जलतरण तलाव, घट्ट कपडे किंवा घाम येईल असा व्यायाम टाळायला सांगतात.

रंध्रांबद्दल एक समजूत फार घट्ट बसलेली आहे : वाफेने ती उघडतात आणि बर्फाने मिटतात. रंध्राच्या तोंडाशी उघडझाप करणारा स्नायूच नसतो. वाफेमुळे वरचा थर भिजून मऊ होतो आणि आत घट्ट झालेले सीबम सैल पडते, त्यामुळे ब्लॅकहेड काढणे सोपे जाते, इतकेच. बर्फाने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, सूज कमी दिसते आणि रंध्रे लहान झाल्याचा भास होतो. ब्लॅकहेडचा काळा रंगही मळाचा नसतो. सीबम आणि मृत पेशींची जी गुठळी रंध्रात अडकते, तिचा हवेच्या संपर्कात असलेला वरचा भाग काळवंडतो. तो घासून ‘स्वच्छ’ होत नाही, आणि पू भरलेली पिटिका, म्हणजे मुरूम, असेल तर तिला ब्लॅकहेड रिमूव्हरने दाबू नये. दाबल्यावर आतली सामग्री बाहेर येण्याऐवजी बाजूच्या अंतस्त्वचेत फुटू शकते आणि तिथे खड्डा किंवा व्रण राहतो.

रंग, डाग आणि आपल्याकडची त्वचा

बाह्यत्वचेच्या तळाच्या रांगेत मेलॅनोसाइट नावाच्या पेशी असतात. त्यांतली एकेक पेशी आजूबाजूच्या सुमारे ३० ते ४० पेशींना मेलॅनिन हे रंगद्रव्य पुरवते आणि ते मेलॅनिन त्या पेशींच्या केंद्रकावर छत्रीसारखे पसरून सूर्यकिरणांपासून त्याचे रक्षण करते. गोऱ्या आणि सावळ्या माणसांत मेलॅनोसाइटची संख्या जवळजवळ सारखी असते. फरक असतो तो त्या किती मेलॅनिन बनवतात, त्याचे कण किती मोठे असतात आणि किती काळ टिकतात यात. बहुसंख्य भारतीयांच्या त्वचेतील या पेशी चांगल्याच तत्पर असतात. उन्हात त्याचा फायदा होतो, पण पार्लरच्या दृष्टीने त्यात एक धोका आहे. भाजणे, ओरखडणे, पिटिका फोडणे, ब्लीच जास्त वेळ ठेवणे, यांपैकी कोणत्याही कारणाने दाह झाला तर त्या जागी मेलॅनिन जास्त तयार होते आणि काळा डाग पडतो. तो जायला महिने लागू शकतात. थंड प्रदेशातील गोऱ्या त्वचेसाठी लिहिलेल्या वेळा आणि तीव्रता आपल्या ग्राहकांवर जशाच्या तशा वापरणे म्हणूनच धोक्याचे असते. वॅक्स अंमळ जास्त गरम होते म्हणून ओठांच्या वर पडलेली काळी पट्टी लग्नाच्या फोटोंत दिसते, आणि ती लपवायला मग मेकअपवालीची कसरत होते.

वांगाची गोष्ट निराळी आहे. गालांवर, कपाळावर आणि ओठांच्या वर येणाऱ्या या तपकिरी डागांमागे ऊन, संप्रेरके, गर्भारपण, आनुवंशिकता अशी कारणे असतात. त्यांवर घासण्याचा उपाय नसतो, उलट घर्षणाने ते गडद होऊ शकतात. सनस्क्रीन आणि त्वचारोगतज्ज्ञ, या दोन गोष्टी सुचवून आपण थांबावे.

याच ठिकाणी एक प्रश्न विचारण्याची सवय लावून घेतली पाहिजे : “चेहऱ्याला सध्या कोणती क्रीम लावता? ट्यूबचा फोटो असेल तर दाखवा.” आपल्याकडे बेटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल यांसारखी स्टिरॉइड असलेली मलमे गोरे होण्यासाठी, अनेकदा शेजारणीच्या सांगण्यावरून, महिनोन्‌महिने वापरली जातात. सुरुवातीला चेहरा खरोखर उजळ दिसतो. पुढे त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, पिटिका आणि लव वाढते, आणि मलम बंद केले की चेहरा लालबुंद होऊन आग होऊ लागते. भारतातील त्वचारोगतज्ज्ञांनी या अवस्थेला ‘टॉपिकल स्टिरॉइड डॅमेज्ड फेस’ असे नावच दिले आहे. अशा चेहऱ्यावर वॅक्स लावले तर पट्टीबरोबर त्वचा निघते. मुरमांसाठी ट्रेटिनॉइनसारखी मलमे वापरणाऱ्यांच्या बाबतीतही वरचा थर पातळ झालेला असतो, आणि आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या घेणाऱ्यांनी त्या बंद केल्यावरही सुमारे सहा महिने वॅक्सिंग करू नये, असे सांगितले जाते. लेबल नसलेल्या, घटक न छापलेल्या ‘नाइट क्रीम’पासून तर चार हात दूर राहावे. गोरेपणाच्या अशा काही क्रीममध्ये पारा आढळलेला आहे. पारा मेलॅनिन बनवण्याची प्रक्रिया रोखतो, म्हणून परिणाम लवकर दिसतो, मात्र तो त्वचेतून शरीरात शिरून मूत्रपिंडांना इजा करतो.

अंगावर राहणारे आणि हातोहात फिरणारे जंतू

निरोगी त्वचेवरही जंतू असतातच. स्टॅफिलोकोकस एपिडर्मिडिससारखे जीवाणू आणि मॅलॅसेझिया ही यीस्टसारखी बुरशी आपल्या कायमच्या रहिवासी आहेत. त्यांना पूर्णपणे हटवता येत नाही, आणि तसे करण्याची गरजही नाही. पार्लरला चिंता करायची ती दुसऱ्या गटाची, म्हणजे एका माणसाकडून हात, अवजार किंवा टॉवेल यांवर बसून दुसऱ्याकडे जाणाऱ्यांची. स्टॅफिलोकोकस ऑरियसमुळे केशकूपात पू होतो आणि गळवे येतात. नायटा ही बुरशीची लागण आहे. पावसाळ्यात मुंबईत आणि कोकणात नॅपकिन दोन-दोन दिवस वाळत नाहीत, आणि असा दमट नॅपकिन घडी करून पुढच्या ग्राहकाच्या मानेखाली ठेवला की बुरशीची सोय होते. खरजेचा किडा अधिक फसवा असतो, कारण पहिल्यांदा लागण झाल्यावर खाज सुटायला दोन ते सहा आठवडे लागतात आणि तोवर माणूस स्वतःच्या नकळत ती पसरवत असतो. उवा कंगव्यावाटे आणि डोक्याला डोके लागून जातात.

विषाणूंपैकी चामखिळीचा विषाणू आणि यकृताचा आजार करणारा हिपॅटायटिस बी यांची माहिती विशेष असावी. थ्रेडिंगनंतर भुवयांच्या रांगेत बारीक चामखिळी आल्याच्या नोंदी भारतातील डॉक्टरांनी केलेल्या आहेत. दोऱ्याने पडलेल्या सूक्ष्म चिरांतून हा विषाणू शिरतो, किंवा एका जागी असलेली चामखीळ दोऱ्याच्या ओढीने पुढच्या जागी पेरली जाते. हिपॅटायटिस बी रक्तातून पसरतो आणि सुकलेल्या रक्तात, पृष्ठभागावर, किमान सात दिवस जिवंत राहू शकतो. क्युटिकल निपरच्या (नखांभोवतीची कातडी कापण्याच्या अवजाराच्या) बिजागरीत गेल्या मंगळवारी अडकलेला, डोळ्यांना न दिसणारा रक्ताचा अंश या सोमवारी निरुपद्रवी झाला असेलच, असे म्हणता येत नाही.

धुणे, निर्जंतुक करणे आणि मधली गफलत

स्वच्छतेच्या तीन पायऱ्या आहेत आणि त्यांची सरमिसळ होणे, हा पार्लरमधला सर्वांत सामान्य दोष आहे. पहिली पायरी म्हणजे साबणपाण्याने आणि ब्रशने घासून धुणे, ज्यात तेल, त्वचेचे कण, रक्त आणि बहुतांश जंतू निघून जातात. दुसरी म्हणजे रासायनिक जंतुनाशक, जे बरेचसे जंतू मारते पण जीवाणूंचे चिवट बीजाणू मारतेच असे नाही. तिसरी म्हणजे संपूर्ण निर्जंतुकीकरण, त्यासाठी ऑटोक्लेव्ह लागतो, ज्यात १२१ अंश सेल्सिअसची दाबाखालील वाफ किमान १५ मिनिटे दिली जाते. पहिली पायरी गाळून दुसरी करता येत नाही, कारण तेलाच्या किंवा रक्ताच्या पापुद्र्याखाली रसायन पोहोचत नाही.

टेबलावर सकाळी एक वाटी भरून जंतुनाशकाचे पांढुरके पाणी ठेवायचे आणि दिवसभर प्लकर, रिमूव्हर, पुशर त्यात बुचकळून काढायचे, हे दृश्य कुठल्याही गल्लीत दिसेल. दुपारपर्यंत त्या पाण्यात कापसाचे तंतू, क्रीमचे थेंब आणि दहा जणींच्या त्वचेचे कण तरंगत असतात, आणि अवजार त्यात जेमतेम पाच सेकंद राहते. प्रत्येक जंतुनाशकाच्या बाटलीवर किती पाणी मिसळायचे आणि अवजार किती मिनिटे पूर्ण बुडलेले ठेवायचे, हे छापलेले असते. ती मिनिटे पाळली नाहीत तर ते केवळ वासाचे पाणी ठरते. अवजारांचे दोन-तीन संच घेणे हा त्यावरचा खरा इलाज आहे : एक वापरात, एक द्रावणात, एक धुऊन पुसून झाकणाच्या डब्यात.

अल्कोहोल ७० टक्के वापरतात, कारण जंतूंमधील प्रथिने मोडण्यासाठी त्याला थोडे पाणी लागते. ९५ टक्क्यांचे अल्कोहोल अधिक जालीम वाटले तरी ते झटकन उडून जाते आणि कमी उपयोगी पडते. चामखिळीच्या विषाणूवर अल्कोहोलचा भरवसा धरता येत नाही, हेही ध्यानात असू द्यावे. निळ्या दिव्याचा यूव्ही डबा ‘स्टरलायझर’ म्हणून विकला जातो, परंतु किरण जिथे पडतात तेवढ्याच पृष्ठभागावर त्यांचा परिणाम होतो, कात्रीच्या दोन पात्यांच्या मधे नाही. आधीच निर्जंतुक केलेले सामान ठेवायला तो बरा, याहून जास्त अपेक्षा त्याच्याकडून करू नये.

वॅक्सच्या डब्याबद्दल लोक म्हणतात की ते गरमच असते, मग जंतू कसे राहतील? उत्तर सोपे आहे. ग्राहकाच्या अंगाला जी उष्णता सोसवते, ती अनेक जंतूंनाही सोसवते. वॅक्सची सुरी काखेत फिरवून पुन्हा डब्यात बुडवली की त्या ग्राहकाचे जंतू, आणि कधी रक्तही, डब्यात उतरते आणि डबा संपेपर्यंत पुढच्या प्रत्येकीला मिळत राहते. त्यासाठी लागेल तेवढे वॅक्स छोट्या वाटीत काढून घ्यावे आणि उरलेले परत डब्यात ओतू नये, किंवा दर बुडीला लाकडी स्पॅच्युला नवा घ्यावा. धुऊन पुन्हा वापरलेल्या कापडी पट्ट्यांपेक्षा एकदाच वापरायच्या पट्ट्या घ्याव्यात. खर्च वाढतो हे खरे, तो दरात धरावा.

दोऱ्याचे एक टोक दातांत धरण्याची पद्धत आपल्याकडे वर्षानुवर्षे चालत आलेली आहे. दोरा लाळेने भिजतो, भुवईवरून घासला जातो आणि पुन्हा तोंडात जातो, म्हणजे देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी होते. टोक मानेभोवती बांधून किंवा दोन्ही हातांनी दोरा फिरवूनही काम तितकेच नेमके होते, फक्त नव्याने हात बसवावा लागतो. तीच गत तुरटीची. तुरटी त्वचा आकुंचित करून रक्त थांबवते, मात्र ती जंतुनाशकाची जागा घेऊ शकत नाही, आणि एकच खडा सगळ्यांच्या ओरखड्यांवर फिरवणे म्हणजे रक्ताचा प्रसाद वाटणे झाले. हवी तर तुरटीची पूड किंवा पाणी स्वच्छ कापसावर घेऊन लावावे आणि कापूस टाकून द्यावा.

हात धुताना जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीप्रमाणे ४० ते ६० सेकंद द्यावेत. बोटांच्या बेचक्या, अंगठे आणि नखांच्या कडा नेहमी राहून जातात. रक्त आले तर हातमोजे घालून त्या जागी स्वच्छ कापूस दाबून धरावा, अवजार बाजूला काढावे, सांडलेल्या रक्तावर एक टक्का सोडियम हायपोक्लोराइटचे द्रावण ओतून दहा मिनिटे थांबावे आणि मगच पुसावे. हे द्रावण रोज ताजे करावे लागते आणि धातूची अवजारे त्यात गंजतात.

ॲलर्जी आणि नकार

केसांच्या काळ्या रंगांत बहुधा पीपीडी हे रसायन असते आणि ‘काळ्या मेंदी’च्या पुड्यांतही ते सापडते. त्याची ॲलर्जी उशिरा उमटणाऱ्या प्रकारची आहे. आधी शरीर त्या रसायनाची ओळख करून घेते, त्या वेळी काहीच दिसत नाही, आणि नंतरच्या एखाद्या वेळी एक-दोन दिवसांनी खाज, पाणी भरलेले फोड, डोळ्यांपर्यंत सूज असे सारे उसळून येते. “मी दहा वर्षे हाच रंग लावते,” हे ग्राहकाचे वाक्य म्हणून पुरावा ठरत नाही. कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थोडा रंग लावून ४८ तास पाहणे, हीच खरी तपासणी, आणि पंधरा मिनिटांची पॅच टेस्ट इथे निरर्थक आहे.

उघडी जखम, पू, नागीण किंवा ओठावरचा ताप-फोड, गोल कडा असलेला खाजरा चट्टा, रंग किंवा आकार बदलणारा तीळ, यांपैकी काही दिसले तर त्या भागावर काम करू नये. कोडाचे पांढरे डाग संसर्गजन्य नसतात, त्यांना नकाराचे कारण करू नये. मात्र ज्यांना कोड आहे त्यांच्या त्वचेला ओरखडा पडला तर त्या जागी नवा डाग उमटू शकतो, म्हणून थ्रेडिंग-वॅक्सिंगपूर्वी त्यांना हे सांगावे. रोगाचे नाव आपण घेऊ नये. “हे एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या, मग मी करून देते,” एवढे म्हटले तर ग्राहक दुखावत नाही.

उरला प्रश्न काम करणारीचा. हिपॅटायटिस बीची लस भारताच्या सार्वत्रिक लसीकरणात देशभर २०११ मध्ये आली, त्यामुळे त्याआधी जन्मलेल्या अनेकींना ती बाळपणी मिळालेली नाही. मोठ्या माणसांना तिचे तीन डोस घ्यावे लागतात : पहिला, त्यानंतर एक महिन्याने दुसरा आणि पहिल्यापासून सहा महिन्यांनी तिसरा. आयटीआय किंवा खासगी कोर्सला प्रवेश घेतानाच पहिला डोस घेतला, तर प्रत्यक्ष ग्राहकांच्या नखांना आणि भुवयांना हात लावायची वेळ येईपर्यंत निदान दोन डोस झालेले असतात.